फोनला आजार विचारताना : अर्धे सांगाल, तर उत्तरही अर्धेच

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. रविवारची वंदना आटोपली आणि वस्तीतल्या एक ताई फोन हातात घेऊन आमच्याजवळ आल्या. त्यांच्या पंधरा वर्षांच्या मुलीला सारखा थकवा, हातपाय दुखायचे, शाळा बुडायची. ताईंनी फोनमधल्या चॅटबॉटला, म्हणजे प्रश्न विचारला की उत्तर लिहून देणाऱ्या त्या एआय यंत्राला, विचारले होते : "मुलीला अशक्तपणा आहे, रक्त कमी आहे, वात पण आहे. काय करू?"

उत्तर लांबलचक होते. बीट, खजूर, पालक, गूळ-शेंगदाणे खायला द्या. लोहाची गोळी घ्या. वातासाठी तिळाच्या तेलाने मालिश करा, थंड पदार्थ टाळा. भाषा गोड, मांडणी नीटनेटकी. तसे त्यात भलते काही नव्हते. ताईंनी तीन महिने इमानेइतबारे ते सगळे केले. मुलगी होती तिथेच राहिली.

आम्ही ताईंना बसवून घेतले आणि विचारत गेलो. दुखणे केव्हापासून? लहानपणापासून, अधूनमधून. केव्हा वाढते? पावसात भिजली की, थंडीत, ताप आला की. डोळे पिवळे होतात? होतात कधीकधी. कधी रक्त चढवले होते? दोन वर्षांपूर्वी एका खाजगी दवाखान्यात एक बाटली. कशासाठी, ते कोणी सांगितले नाही. घरात आणखी कोणाला असे? मुलीचा मामा असाच "वाताने" तरुणपणीच गेला.

हे सगळे आम्ही त्याच फोनमध्ये लिहिले आणि पुन्हा विचारले. या वेळी उत्तराच्या सुरुवातीलाच आले : ही लक्षणे सिकलसेल आजाराची असू शकतात, सरकारी रुग्णालयात तपासणी करून घ्या, लोहाची गोळी स्वतःच्या मनाने चालू ठेवू नका. पुढे तपासणी झाली. मुलगी एसएस, म्हणजे सिकलसेलची रुग्ण निघाली. आज तिचे औषध नियमित चालू आहे आणि ती शाळेत जाते.

फोन तोच, यंत्र तेच, मुलगीही तीच होती. बदलला होता फक्त प्रश्न. यंत्राला दोष देण्याआधी आमचेही एक कबूल करतो. आम्ही वॉर्डात आणि ओपीडीत कित्येक वर्षे काम केले. गर्दीत आम्हीही "हातपाय दुखतात" एवढेच कागदावर लिहून पुढच्या पेशंटला हाक मारली आहे. अर्ध्या माहितीवर माणूसही चुकतो. म्हणून या महिन्याच्या आरोग्य पानावर हा धडा घेतला आहे.

हे यंत्र असते तरी काय?

चॅटजीपीटी, जेमिनी अशी यातली काही नावे तुम्ही ऐकली असतील. व्हॉट्सॲपमध्येही असे एक यंत्र आले आहे. या यंत्रांना पुस्तके, लेख, इंटरनेटवरचा मजकूर असे अफाट लिखाण शिकवलेले असते. त्यावरून, तुम्ही विचारलेल्या शब्दांच्या पुढे कोणते शब्द शोभतील याचा अंदाज घेत ते उत्तर तयार करते. त्याला डोळे नाहीत, म्हणून मुलीचे पिवळे डोळे दिसत नाहीत. हात नाही, म्हणून नाडी धरता येत नाही, पोट दाबून पाहता येत नाही. तुम्ही जे सांगाल तेवढेच त्याला ठाऊक.

जे सांगत नाही ती जागा ते रिकामी ठेवत नाही. जगात जे सर्वात जास्त आढळते ते तिथे भरते. पंधरा वर्षांची मुलगी, रक्त कमी, म्हणजे लोहाची कमतरता, असा त्याचा हिशेब. बहुतेक मुलींच्या बाबतीत तो बरोबरही असतो. पण विदर्भात, आपल्या समाजात आणि आदिवासी बांधवांमध्ये सिकलसेलचे प्रमाण जास्त आहे. त्यामुळे आपल्या घरात "रक्त कमी" म्हटले की आणखी एक प्रश्न विचारावाच लागतो. तो प्रश्न यंत्राच्या मनात आपोआप येईल याचा भरवसा नाही. आपण कुठले, आपल्या घरात काय आहे, हे आपणच सांगायचे.

सिकलसेल म्हणजे काय, तेही थोडक्यात पाहू. रक्तातल्या गोल लाल पेशी या आजारात विळ्यासारख्या वाकड्या होतात. चांगली लाल पेशी साधारण १२० दिवस जगते, वाकडी पेशी १०-२० दिवसांतच फुटते. म्हणून रक्त कमी होते आणि डोळे पिवळे दिसतात. वाकड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, म्हणून हाडे आणि सांधे असह्य दुखतात. हा आजार आईवडिलांकडून रक्तातून येतो. एकमेकांना लागत नाही.

पहिला धडा : केसपेपर भरल्यासारखे सांगा

दवाखान्यात चांगली नर्स जे विचारते, ते यंत्राला न विचारता सांगून टाका. सात गोष्टी लक्षात ठेवा.

१. कोण : वय, बाई की पुरुष, वजन. बाई असेल तर गरोदर आहे का, बाळाला अंगावर पाजते का.

२. काय होते : नेमके कुठे, कसे. "बरे वाटत नाही" हे पुरेसे नाही.

३. केव्हापासून : किती दिवस, कशाने वाढते, कशाने कमी होते.

४. आधीचे आजार : शुगर, बीपी, टीबी, ऑपरेशन, रक्त चढवले असेल तर केव्हा.

५. चालू औषधे : गोळीच्या पाकिटावरचे नाव पाहून लिहा. काढा, चूर्ण, मेडिकल दुकानातून आणलेली "दुखण्याची गोळी" हेही सांगा. दारू, तंबाखू, खर्रा असेल तर लाजू नका. यंत्राला काय लपवायचे?

६. घरात कोणाला : आईवडील, भावंडे, मामा-मावशी.

७. राहणी : गाव, काम कोणते, काय खाता, काय परवडते. हे सांगितले नाही तर यंत्र सफरचंद, बदाम आणि जिम सांगेल. सांगितले तर ज्वारीची भाकरी, चवळी, अंडे, शेवग्याची भाजी यांतून मार्ग काढेल.

दुसरा धडा : घरचे शब्द उलगडून सांगा

आपल्या बोलीत एका शब्दात दहा आजार असतात. आपल्याकडे सांधे दुखले की "वात". यंत्राला "वात" सांगितले की ते वात-पित्त-कफाच्या वाटेला जाते आणि तेल-मालिश सांगते. ताईंच्या बाबतीत तेच झाले. म्हणून म्हणा, "दोन्ही गुडघे आणि मांड्यांची हाडे दुखतात, सूज येते, दुखणे तीन-चार दिवस टिकते."

"पांढरी कावीळ" म्हणण्यापेक्षा "डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसतो, लघवी गडद होते" असे सांगा. "जीव घाबरतो" म्हणजे छातीत धडधड, की दम लागणे, की भीती वाटणे, ते सांगा. बायाबापड्या "अंगावर जाते" म्हणतात, तेव्हा पांढरे की लाल, किती दिवस, वास येतो का, हे सांगावे लागते.

लिहिता येत नसेल तर माइकचे चिन्ह दाबून मराठीत बोला. पण बोलून झाल्यावर त्याने काय लिहून घेतले ते घरातल्या शिकलेल्या मुला-मुलीकडून वाचून घ्या. "नाही" हा एक शब्द गळला तरी अर्थ उलटतो.

तिसरा धडा : आधी त्यालाच प्रश्न विचारायला लावा

आमच्या अनुभवात सर्वात उपयोगी पडलेली युक्ती ही आहे. सगळे सांगून झाल्यावर शेवटी हे लिहा :

"उत्तर देण्याआधी तुला आणखी काय माहिती हवी, ते एकेक करून मला विचार. मग सोप्या मराठीत, थोडक्यात सांग : हे कशामुळे असू शकते, कोणती तपासणी करून घ्यावी, कोणती लक्षणे दिसली तर लगेच दवाखान्यात न्यावे, आणि डॉक्टरांना आम्ही कोणते पाच प्रश्न विचारावेत."

"औषध सांग" म्हणू नका. "कोणती तपासणी" आणि "काय विचारू" असे म्हणा. औषध ठरवणे हे तपासणाऱ्या डॉक्टरांचे काम आहे. यंत्राचा खरा उपयोग आपल्याला तयार करण्याचा आहे. सरकारी ओपीडीत डॉक्टरांसमोर दोन मिनिटे मिळतात. त्या दोन मिनिटांत आपली बाई घाबरते आणि निम्मे विसरते. म्हणून यंत्राला सांगा, "वरची सगळी माहिती डॉक्टरांना दाखवण्यासाठी पाच ओळींत लिहून दे." ती चिठ्ठी कागदावर उतरवून न्या. ताईंच्या मुलीची चिठ्ठी अशी होती :

"मुलगी, वय १५. लहानपणापासून हाडे-सांधे दुखतात, थंडीत व तापात वाढते. अधूनमधून डोळे पिवळे. दोन वर्षांपूर्वी एकदा रक्त चढवले. मामाला असाच त्रास होता. तीन महिने लोहाची गोळी घेतली, फरक नाही. सिकलसेलची तपासणी करावी का?"

अशी चिठ्ठी समोर आली की टेबलापलीकडचा माणूसही मान वर करून बघतो.

चौथा धडा : रिपोर्ट विचारताना

रिपोर्टचा फोटो टाकला तर यंत्र कधी आकडा चुकीचा वाचते. ७.६ चे ७६ होऊ शकतात. म्हणून तपासणीचे नाव, आकडा आणि त्यापुढचे माप स्वतः लिहा. तारीखही लिहा.

सिकलसेलच्या बाबतीत एक खास गोष्ट. पहिली साधी तपासणी "पॉझिटिव्ह" आली, एवढ्यावरून माणूस रुग्ण आहे की फक्त वाहक आहे हे कळत नाही. त्यासाठी पुढची तपासणी लागते. तिला एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस म्हणतात. तिच्यात एएस आले तर वाहक, एसएस आले तर रुग्ण. वाहकाला बहुधा काहीच त्रास नसतो. यंत्राला नुसते "सिकलसेल पॉझिटिव्ह आहे" असे सांगितले, तर ते वाहकालाही रुग्ण समजून घाबरवू शकते. नजीकच्या काळात रक्त चढवले असेल तर या तपासणीचा निकाल फसवा येऊ शकतो. म्हणून ती तारीख यंत्रालाही सांगा आणि प्रयोगशाळेतही सांगा.

लग्नाआधी विचारायचे असेल तर दोघांचेही रिपोर्ट सांगा. दोघेही एएस असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ एसएस होण्याची शक्यता २५ टक्के, एएस ५० टक्के आणि निरोगी एए २५ टक्के. याचा अर्थ "चार मुलांत एक" असा हिशेब नाही. प्रत्येक वेळी नव्याने तेवढीच शक्यता असते. एक एएस आणि दुसरा एए असेल तर मूल एसएस होत नाही. यंत्राने याहून वेगळे काही सांगितले तर ते चुकले आहे असे समजा.

पाचवा धडा : त्याला होकार द्यायला लावू नका

या यंत्राला विचारणाऱ्याचे मन राखायची सवय आहे. "अमुक काढ्याने सिकलसेल मुळापासून बरा होतो ना?" असे विचारले की ते हो ला हो करण्याकडे झुकते. त्याऐवजी विचारा, "या काढ्याने सिकलसेल बरा होतो, याला काही पुरावा आहे का? धोका काय आहे?" प्रश्नात आपले मत घालू नका.

आणखी एक. ते चुकीची गोष्टसुद्धा पूर्ण आत्मविश्वासाने सांगते. औषधाचे नाव, योजनेची रक्कम, कार्यालयाचा फोन नंबर स्वतः बनवूनही देते. सुंदर भाषा म्हणजे खरी माहिती नव्हे. हे आपल्या लोकांना वेगळे सांगायला नको, सुंदर भाषेत आपल्याला किती पिढ्या फसवले गेले ते आपण जाणतो.

सहावा धडा : एक माणूस, एक चॅट

वस्तीत एका फोनवर पाच जणांचे घर चालते. आजीच्या शुगरची चौकशी चाललेल्या ठिकाणीच नातवाचा ताप विचारला, तर यंत्र दोघांची माहिती मिसळू शकते. प्रत्येक माणसासाठी नवे चॅट उघडा आणि वय पुन्हा सांगा.

नाव, आधार क्रमांक, पत्ता, फोन नंबर यंत्राला देऊ नका. रिपोर्टचा फोटो टाकायचाच असेल तर वरचे नाव बोटाने झाका. मुलीचा सिकलसेलचा रिपोर्ट, कोणाचा एचआयव्ही, कोणाचे मानसिक दुखणे, या गोष्टी फोन मागून नेणाऱ्या शेजाऱ्याला दिसू नयेत. विचारून झाले की चॅट पुसून टाका.

ऐकले म्हणून मानू नका, तपासून घ्या

भगवान बुद्धांनी कालामांना काय शिकवण दिली, ती आपण विहारात ऐकतो. परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, सांगणारा मोठा आहे म्हणून काही स्वीकारू नका, स्वतः पारखून घ्या. फोनमध्ये आले म्हणूनही स्वीकारू नका, एवढेच आज त्यात जोडायचे.

पारखायचे कसे? तोच प्रश्न नवे चॅट उघडून दुसऱ्या शब्दांत विचारा. दोन उत्तरे वेगळी आली तर थांबा. गोळीची माहिती विचारली असेल तर पाकिटावरच्या घटकांशी ताडून पाहा. "या दोन गोळ्यांत एकच औषध तर नाही ना?" हा प्रश्न फार कामाचा आहे, कारण वेगवेगळ्या नावाच्या दोन गोळ्यांत पुष्कळदा पॅरासिटामॉलच असते आणि नकळत दुप्पट डोस पोटात जातो. शेवटची खात्री मात्र आशाताई, सिस्टर, औषध देणारे फार्मासिस्ट किंवा डॉक्टर यांच्याकडूनच करून घ्या.

चालू औषध यंत्राच्या सांगण्यावरून कधीही बंद करू नका. टीबीचे, शुगरचे, बीपीचे, फिटचे, मानसिक आजाराचे आणि सिकलसेलचे हायड्रॉक्सीयुरिया, कोणतेच नाही. हायड्रॉक्सीयुरिया घेणाऱ्या बाईला मूल हवे असेल किंवा दिवस गेले असतील तर तिने लगेच डॉक्टरांना सांगावे. आमचा हा लेख वाचून गरोदर बाईने सरकारी लोहाच्या गोळ्याही बंद करू नयेत. एसएस रुग्णाने लोह घ्यायचे की नाही, ते रक्त तपासून डॉक्टर ठरवतात.

या वेळी फोनवर फक्त १०८

काही वेळा यंत्राला विचारत बसणे म्हणजे जीव गमावणे. छातीत दुखणे, दम लागणे, तोंड वाकडे होणे, एक हात-पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे, फिट येणे, बेशुद्धी, साप चावणे, विष घेणे, गरोदरपणात रक्त जाणे किंवा झटके येणे, बाळाने अंगावर पिणे सोडणे. अशा वेळी १०८ लावा. सिकलसेलच्या रुग्णाला १०१ किंवा जास्त ताप, छातीत दुखणे, पोट अचानक फुगून चेहरा पांढराफटक पडणे, घरच्या गोळीने न थांबणारी कळ, यांतले काहीही झाले तरी सकाळची वाट पाहू नका, लगेच रुग्णालय गाठा.

मन फार खचले असेल, जगणे नको वाटत असेल, तर यंत्राशी रात्रभर बोलत बसू नका. १४४१६ हा टेलिमानसचा मोफत नंबर आहे. तिथे माणूस बोलतो, मराठीतही बोलतो. आणि जवळच्या कोणाला तरी सांगा.

शेवटी एक गोष्ट

त्या ताई रिपोर्ट हातात घेऊन रडल्या. त्यांनी आम्हाला विचारले, "सिस्टर, माझ्या कोणत्या पापाचे हे?" हा प्रश्न त्यांनी फोनला विचारला नव्हता, आम्हाला विचारला. आम्ही सांगितले, ताई, पाप नाही, मागचा जन्म नाही, तुमच्या कुशीचा दोष नाही. ज्या प्रदेशात पिढ्यानपिढ्या हिवताप होता, तिथे सिकलसेलचे वाहक हिवतापातून जास्त वाचले, म्हणून तिथल्या लोकांच्या रक्तात ही खूण टिकून राहिली. हे रक्ताचे शास्त्र आहे. आईकडून एक खूण आली, बापाकडून एक आली. सासरी कोणी एकट्या बाईला दोष देईल तर त्याला हे ऐकवा.

रुग्णाला हक्कही आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, म्हणून प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. २०२३ पासून केंद्र सरकारचे सिकलसेल निर्मूलन अभियान चालू आहे. आपल्या आरोग्य केंद्रात तपासणी केव्हा होते, ते आशाताईंना विचारा. अर्ज कसा लिहायचा हे यंत्राला विचारायला हरकत नाही, त्यात ते हुशार आहे. नियम काय आहे, ते मात्र कार्यालयातच पक्के करा.

या महिन्यात प्रत्येक घराने एक काम करावे. एक वही घ्या. घरातल्या प्रत्येक माणसासाठी एक पान, आणि त्यावर वरच्या सात गोष्टी लिहा. सिकलसेलची तपासणी झाली असेल तर एए, एएस की एसएस, तेही लिहा. झाली नसेल तर "बाकी" लिहा. ती वही घेऊन रविवारी वंदनेनंतर विहारात या, आम्ही तिथे बसतो. फोन असला तर तोही आणा. वही भरलेली असेल तर यंत्रही नीट उत्तर देईल, आणि यंत्र नसले तरी डॉक्टर नीट उत्तर देतील.

नमो बुद्धाय. जय भीम.